पी.बी. रोड सहा पदरी होतोय, मग गाडी अडते कुठं?

बेळगावहून पुणे–बेंगळुरू महामार्गानं निपाणीच्या दिशेनं निघालं की गेली काही वर्षं तेच दृश्य. कुठं मुरमाचे ढीग, कुठं अर्धवट उभ्या भिंती, कुठं ‘वळण रस्ता’ लिहिलेला पत्रा आणि त्याच्यापुढं लॉरीमागं लॉरी. गाडीत बसलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं : वीस वर्षांपूर्वीच तर हा रस्ता चौपदरी केला होता, मग परत का उकरला? आणि सहा पदरी झाल्यावर तरी कोंडी संपेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाहनांच्या मोजणीत आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधायला रस्त्याखालच्या बोगद्यात, सर्व्हिस रोडवर आणि गटारीत उतरावं लागतं. सहा पदरीकरण म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक पट्टा वाढवणं, असं आपण धरून चालतो. कामाचा तो सगळ्यात सोपा भाग आहे.

## शहरातला रस्ता शहराबाहेर कसा गेला

पी.बी. म्हणजे पुणे–बेंगळुरू. बेळगावात आजही ‘जुना पी.बी. रोड’ म्हटलं की किल्ल्याकडून जुन्या बेळगावकडं जाणारा, दुकानांनी गजबजलेला रस्ता डोळ्यापुढं येतो. एके काळी मुंबईकडची लॉरी याच रस्त्यानं गावातून पुढं धारवाडला जायची.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी संसदेनं राष्ट्रीय महामार्ग कायदा केला आणि हा रस्ता ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ म्हणून ओळखला जाऊ लागला. जिल्हा कुणाचा यावरचा वाद अजून सुप्रीम कोर्टात आहे, पण त्यातून जाणारा रस्ता तेव्हापासून दिल्लीचा. रुंदी, टोल, भूसंपादन हे सगळं केंद्राच्या कायद्यानं चालतं. कोगनोळीजवळच्या राज्यहद्दीच्या अलीकडं असो वा पलीकडं, तक्रार शेवटी पोचवायची ती राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं.

या रस्त्याचं वजन किती आहे ते निपाणीनं १९८१ साली दाखवलं. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी याच महामार्गावर तीन आठवड्यांहून जास्त काळ ठाण मांडलं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. आंदोलनाला महामार्गच का लागला, हे सांगायची गरज नाही. दक्षिणेकडचा सगळा माल तिथूनच जात होता.

जानेवारी १९९९ मध्ये सुवर्ण चतुष्कोन योजनेचा नारळ फुटला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जोडणारे ५,८४६ किलोमीटर रस्ते किमान चौपदरी करायचे होते आणि मुंबई–चेन्नई बाजूत आपला रस्ता आला. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेळगाव ते महाराष्ट्र हद्द हा पट्टा चौपदरी झाला. २००६ मध्ये केंद्रानं पुढची पायरी मंजूर केली : चतुष्कोनाचा बहुतेक भाग सहा पदरी. त्यात बेळगाव–धारवाड हा सुमारे ७९ किलोमीटरचा तुकडा आधी हातात घेतला गेला, त्याचं काम २०११ पासून. बेळगाव–संकेश्वर आणि संकेश्वर–महाराष्ट्र हद्द या दोन तुकड्यांची पायाभरणी व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. मधल्या काळात २०१० च्या अधिसूचनेनं नंबर बदलून ४ चा ४८ झाला आणि गोव्याकडं जाणारा ४-अ झाला ७४८. बोलण्यात मात्र दोन्ही जुनेच आकडे आहेत.

आता बायपासकडं बघा. काकतीकडून येणारा महामार्ग शहराच्या उत्तर-पूर्वेकडून वळसा घेत अलारवाड, हलगा असा निघतो. गावातली गर्दी चुकवायला काढलेला हा रस्ता. पण त्याच्या कडेला केएलई हॉस्पिटल आहे, हॉटेलं आहेत, गोडाऊनं, मंगल कार्यालयं, गाड्यांची शोरूम आहेत. हलग्याजवळ २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. थोडक्यात, गाव चुकवायला रस्ता बाहेर नेला आणि रस्ता धरून गाव बाहेर आलं. हॉस्पिटलात डबा पोचवणारा स्कूटरवाला आणि चेन्नईला निघालेला चौदा चाकी ट्रेलर आज एकाच डांबरावर असतात. पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

## रस्ता ‘भरला’ हे ठरवतात कसं

नुसती वाहनं मोजून चालत नाही, कारण एक मोटारसायकल आणि एक लॉरी सारखी जागा अडवत नाहीत. म्हणून प्रत्येक वाहनाचं कारच्या तुलनेत वजन ठरवतात. त्याला पॅसेंजर कार युनिट म्हणतात, आपण ‘कार-एकक’ म्हणू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या तक्त्यात कार म्हणजे १, मोटारसायकल अर्धा, बस किंवा साधी लॉरी ३, जास्त ॲक्सलची लॉरी साडेचार. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टरही साडेचार. आणि बैलगाडी? तब्बल ८. आकारानं ती लॉरीहून लहान, पण तिच्या चालीमुळं मागच्या सगळ्यांचा वेग पडतो. हे वजन लांबी-रुंदीपेक्षा अडवणुकीचं आहे.

याच हिशेबानं साध्या दोन पदरी रस्त्याला दिवसाला सुमारे १५,००० कार-एककं झेपतात, चौपदरीला ४०,०००, सहा पदरीला ६०,०००. या आकड्यांपर्यंत गाड्या मनासारख्या वेगानं, एकमेकींना न अडवता जातात. थोडी दाटी चालवून घेतली तर चौपदरी ६०,००० आणि सहा पदरी ९०,००० पर्यंत ओढता येतो. त्यापुढं रस्ता चालू असतो, पण एखाद्यानं ब्रेक लावला की मागं अर्धा किलोमीटर लाल दिवे लागतात.

आपल्या भागात या हिशेबाला हंगामही असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या की संकेश्वर, निपाणी, काकतीच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. दोन ट्रॉल्यांची जोडी ओढणारा ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वर जात नाही. तक्त्यात तो साडेचार असेल, पण अंधारात, मागं रिफ्लेक्टर नसताना, ताशी शंभरनं येणाऱ्या कारला तो उभ्या भिंतीसारखाच असतो. त्यामुळं मे महिन्यात केलेली मोजणी आणि जानेवारीतला रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## साठ मीटरमध्ये काय काय बसवायचं

एक पदर साडेतीन मीटरचा. सहा पदर म्हणजे प्रत्येक बाजूला साडेदहा मीटर, दोन्ही मिळून एकवीस. मध्ये दुभाजक. बाहेरच्या कडेला दीड मीटरची डांबरी पट्टी, बिघडलेली गाडी बाजूला घेण्यासाठी, आणि तिच्या पलीकडं मातीची बाजूपट्टी. मग गटार, कुंपण, वस्तीच्या भागात दोन्ही अंगांना सात-सात मीटरचे सर्व्हिस रोड, त्यांची वेगळी गटार, विजेचे खांब, पाण्याची पाइपलाइन. हे सगळं बसवायला ६० मीटर रुंदीची जागा धरतात. साठ मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. एक किलोमीटर रस्त्याला सहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकरांना थोडी कमी जमीन. एक नांगरट पलीकडं सरकली तरी भावाभावांत वर्षभर बोलणं बंद होतं तिथं हा आकडा काय करतो, ते शिवारात राहणाऱ्याला कळतं.

यात मुख्य रस्ता सगळ्यात सरळ : खोदा, भरा, दाबा, वर खडीचे थर, मग डांबर किंवा काँक्रीट. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी जांभ्याची माती, ती त्यातल्या त्यात बरी. पूर्वेला हिरेबागेवाडी-कित्तूरकडं काळी जमीन लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. म्हणून तिथं वरची काळी माती काढून बाहेरचा मुरूम भरावा लागतो किंवा मातीत चुना मिसळावा लागतो. हा थर चोरला की दुसऱ्याच पावसाळ्यात रस्त्याला लाटा येतात.

## खरा रस्ता खालून जातो

वेगवान महामार्गाची पहिली अट अशी की त्यावर कुणी आडवं येता कामा नये. दुभाजकाला फट नाही, चौक नाही, सिग्नल नाही. म्हणजे आजवर फाट्यावर उभं राहून, दोन्हीकडं बघून, जीव मुठीत धरून जो पलीकडच्या शेतात जात होता, त्याला आता खालून जायचं. खालून जायच्या वाटा तीन मापांच्या असतात.

मोठा बोगदा साडेपाच मीटर उंच. लॉरी, बस, कंटेनर, काहीही जातं. दुसरा हलक्या वाहनांचा, साधारण चार मीटर उंचीचा. जुन्या नियमात तो साडेतीन मीटरचाही चालायचा. तिसरा माणसांचा आणि गुरांचा, तीन-चार मीटर उंच आणि सात मीटर रुंद. मोठा बोगदा महाग पडतो, आणि नुसत्या बोगद्यापुरतं ते नाही. वरचा महामार्ग तेवढा उंच चढवायचा तर दोन्ही बाजूंना शेकडो मीटर भराव टाकावा लागतो. म्हणून आराखड्यात ‘हलका बोगदा’ हा शब्द पुन्हापुन्हा दिसतो.

घोळ इथंच होतो. उसानं भरलेली ट्रॉली रिकाम्या ट्रॉलीपेक्षा किती उंच होते ते कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहून बघावं. कडब्याची गाडी त्याहून वर. चार मीटरच्या बोगद्यात ती अडकते, किंवा ड्रायव्हर आधीच ओळखून वळतो आणि सर्व्हिस रोडनं उलट्या दिशेनं पुढच्या मोठ्या बोगद्यापर्यंत जातो. त्याला आपण बेशिस्त म्हणतो. पण तीन किलोमीटरचा वळसा आणि डिझेलचा भाव धरला तर ही बेशिस्त आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावरच जन्मलेली असते.

उंची बरोबर असूनही बोगदा बिघडायला आणखी तीन कारणं पुरतात. पहिलं पाणी. उंची मिळवायला वरचा रस्ता चढवण्यापेक्षा खालची जमीन खणणं स्वस्त. पण बोगद्याचा तळ जवळच्या नाल्यापेक्षा खाली गेला की पाणी बाहेर जाणार कुठं? जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथं तळं. मग पंप बसवतात, पहिल्या पावसाळ्यात तो चालतो, दुसऱ्या पावसाळ्यात मोटार जळते. दुसरं कारण वळण. सर्व्हिस रोडवरून बोगद्यात शिरताना काटकोनात वळावं लागतं. दोन ट्रॉल्यांची जोडी वळताना मागची ट्रॉली आत कापत येते आणि भिंतीचा कोपरा घासते. भिंतींचे कोपरे बघा, तिथलं काँक्रीट उडालेलं दिसलं की वळण अरुंद आहे हे समजावं. तिसरं कारण अंधार. दिवा नाही, म्हणून बायका-मुली संध्याकाळी बोगद्यात जायला कचरतात आणि दुभाजकावरून उड्या मारतात. मग ‘लोकच ऐकत नाहीत’ म्हणून दुभाजकावर जाळी चढते.

सर्व्हिस रोडचं दुखणं वेगळं. तो सलग असेल तरच उपयोगाचा. नाला आला, रेल्वे आली की तिथं सर्व्हिस रोडसाठी वेगळा पूल लागतो आणि पैसे वाचवायला तोच गाळतात. सर्व्हिस रोड तिथं संपतो, दुचाकीवाला मुख्य रस्त्यावर चढतो, दोनशे मीटर पुढं परत खाली उतरतो. या दोनशे मीटरमध्ये शंभरच्या वेगाची वाहतूक आणि तीसच्या वेगाची वाहतूक एकमेकींत मिसळतात.

## ‘पदर वाढले की कोंडी जाणारच की!’

हा आक्षेप रास्त वाटतो, म्हणून थोडं थांबून बघू. राकसकोपच्या तलावातून बेळगाव शहरात येणारी पाण्याची पाइपलाइन दुप्पट मोठी केली, पण गल्लीतला नळ अर्ध्या इंचाचाच ठेवला, तर बादली भरायला तेवढाच वेळ लागेल. रस्त्याचंही तसंच. पूर्ण लांबीतली सगळ्यात अरुंद जागा बाकीच्या रस्त्याची क्षमता ठरवते.

याचं ठळक उदाहरण पुढच्याच जिल्ह्यात आहे. हुबळी–धारवाड बायपास, सुमारे तीस किलोमीटर. दोन्हीकडचा महामार्ग रुंद झाला तरी हा मधला तुकडा वर्षानुवर्षं दोन पदरी राहिला. धारवाडपर्यंत शंभरनं आलेली गाडी तिथं एकाच पट्ट्यात, समोरून येणाऱ्या लॉरीच्या तोंडाशी. ओव्हरटेकच्या अपघातांनी हा रस्ता इतका बदनाम झाला की जानेवारी २०२१ मधल्या एका भीषण अपघातानंतर रुंदीकरणाची मागणी देशभर ऐकू गेली. रुंद रस्त्यावर मिळवलेली मिनिटं अरुंद जागी परत जातात. शिवाय मोकळ्या रस्त्याची सवय झालेला ड्रायव्हर तिथं जास्त धोकादायक असतो.

वंटमुरी आणि तवंदी या घाटांत अडचण पदरांची कमी आणि चढ-उताराची जास्त आहे. भरलेली लॉरी चढाला वीस-पंचवीसवर येते. डावीकडचा पट्टा तिनं धरला तर बाकीचे निघून जातात. पण एक लॉरी दुसरीला मागं टाकायला निघाली आणि दोघींच्या वेगात तीनच किलोमीटरचा फरक असला, तर तीन पदरांतले दोन मिनिटभर बंद. उताराला उलट. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची खोड अजून गेलेली नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर सुटतो, सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतो आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. यावर सहावा पदर हा इलाज नाही. लहान गिअर, वळणाआधीची गतिमर्यादा आणि बेकाबू गाडी घालायला वाळूचा चढ, हे उपाय आहेत.

आणखी एक गोष्ट पचायला जड आहे. मोकळा रस्ता नवी वाहतूक ओढून आणतो. जो पूर्वी रेल्वेनं जायचा तो कार काढतो, ज्याचं गोडाऊन गावात होतं तो ते महामार्गावर नेतो, जो आठवड्यातून एकदा कोल्हापूरला जायचा तो दोनदा जातो. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद झाला, सगळ्यात रुंद जागी बाजूचे रस्ते धरून सव्वीस पदर. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत संध्याकाळचा प्रवासाचा वेळ निम्म्याहून जास्त वाढला. म्हणून रुंदीकरण फुकट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. माल जास्त जातो, बाजार वाढतो, समोरासमोरच्या टकरी कमी होतात. पण ‘कोंडी कायमची संपेल’ हे वचन कुठल्याच रस्त्याला पाळता आलेलं नाही, आणि ज्या रस्त्याच्या कडेला शहर वाढतंय त्याला तर नाहीच.

## भराव की पिलर

ऑगस्ट २०१९ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, तिकडं शिरोलीला पंचगंगेचं. दक्षिणेकडची सगळी वाहतूक दिवसेंदिवस बंद. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. तेव्हापासून निपाणी-कागल भागात एकच मागणी ऐकू येते : भराव नको, पिलरचा पूल द्या. मांगूर फाट्यावर यासाठी लोक रस्त्यावरही उतरले.

रस्ता उंच करायचे दोन मार्ग आहेत. मातीचा भराव टाकून वर रस्ता, किंवा खांबांवर पूल. भराव स्वस्त पडतो. कोरड्या दिवसांत दोन्ही सारखेच दिसतात. पण पूर आला की नदी पात्रात मावत नाही, दोन्ही बाजूंच्या शिवारात पसरते आणि तिथून हळूहळू पुढं सरकते. हे पसरट पाणी आडवं असलेल्या भरावाला अडतं. भराव धरणाचं काम करतो, फक्त त्याला धरणासारखे दरवाजे नसतात. पुलाखालच्या मोऱ्यांतून जेवढं जाईल तेवढं जातं, बाकीचं मागं चढत राहतं. वरच्या अंगाच्या गावात पाणी एक-दोन फूट जास्त चढतं आणि दोन-तीन दिवस जास्त राहतं. उसाला आणि सोयाबीनला या दोन-तीन दिवसांनीच फरक पडतो.

‘मग रस्ता आणखी उंच करा’ हे उत्तर म्हणूनच अर्धवट आहे. उंच भरावानं गाड्या सुटतील, गावं बुडतील. दोन्ही वाचवायचं तर पूरपट्ट्यात खांबांवरचा पूल हवा. खर्च वाढतो हे खरं. पण महामार्ग आठवडाभर बंद राहिल्याचा खर्च आणि मागच्या शिवाराचं नुकसान या हिशेबात सहसा धरलेलं नसतं, कारण ते ठेकेदाराच्या खिशातून जात नाही.

## जमीन कशी जाते

नोटीस हातात पडली की पहिला गोंधळ कलमांचा होतो. क्रम असा. ‘३-अ’ म्हणजे सरकारचा इरादा : या गट नंबरांतून रस्ता जाणार. ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. या मुदतीत दिलेली हरकत कागदावर येते. मोर्च्यात दिलेली घोषणा येत नाही. वर्षाच्या आत ‘३-ड’ निघालं पाहिजे. ते निघालं की जमिनीची मालकी केंद्राकडं गेली, उताऱ्यावर तुमचं नाव दिसत असलं तरी. मग ‘३-ग’ म्हणजे भरपाईचा निवाडा. रक्कम जमा झाल्यावर साठ दिवसांची ताबा नोटीस. निवाडा कमी वाटला तर लवादाकडं जाता येतं आणि पैसे उचलून, ‘हरकत राखून’ असं लिहून देऊनही ते करता येतं.

भरपाई २०१५ पासून नव्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबानं मिळते. बाजारभाव काढायचा, ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधल्या आकड्यानं गुणायचं, त्यात झाडं, विहीर, बांधकाम मिळवायचं आणि जे येईल त्याच्यावर शंभर टक्के सांत्वना रक्कम. म्हणजे बाजारभावाच्या दुप्पट ते चौपट. गुंठ्याला एक लाख बाजारभाव धरला तर नुसत्या जमिनीचे दोन ते चार लाख.

मग लोक नाराज का? कारण ‘बाजारभाव’ ठरतो सरकारी मार्गदर्शक दरावर किंवा मागच्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या खरेदीखतांवर, दोन्हीत जास्त असेल त्यावर. आणि मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखत कमी रकमेचं करायची आपली जुनी सवय. पाच लाखांचा गुंठा कागदावर दीड लाखाचा. त्याच्या दुप्पट तीन. शेजाऱ्यानं वाचवलेलं शुल्क असं फिरून आपल्या निवाड्यात येतं.

हलगा–मच्छे बायपासची गोष्ट तर पैशांच्याही पलीकडची आहे. हा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता बेंगळुरू महामार्गाला गोवा रस्त्याशी जोडतो आणि जुने बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, मच्छे या भागांतल्या बारमाही पिकाऊ शिवारातून जातो. बेळगाव बासमती पिकवणारी हीच जमीन. शेतकऱ्यांनी कोर्टात मांडलेला एक मुद्दा साध्या वाचकाला चक्रावून टाकतो : झिरो पॉइंट. महामार्ग जिथं सुरू होतो तो शून्य किलोमीटरचा दगड. त्यांचं म्हणणं, ४-अ चा झिरो पॉइंट फिश मार्केटजवळ आहे. तो हलग्याला हलवल्याची रीतसर अधिसूचना नसताना हलग्यापासून रस्ता काढता येत नाही. दगडावरचा वाद हसण्यावारी नेऊ नये. भूसंपादनाचा अधिकार ‘अमुक महामार्गासाठी, अमुक किलोमीटरपासून’ असा लिहिलेला असतो. मोजणीची सुरुवातच चुकली तर पुढच्या सगळ्या गट नंबरांचा आधार डळमळतो. या मुद्द्यावर काम थांबलं, सुरू झालं, परत थांबलं.

शहराभोवतीचा सुमारे सत्तर किलोमीटरचा रिंग रोड हा पुढचा अंक, तीसेक गावांचा. साठ मीटर गुणिले सत्तर किलोमीटर, एवढा गुणाकार केला तरी लोक एवढे का धास्तावलेत ते समजतं.

## टोल देतोय की, मग हे सगळं आधीच का होत नाही

बेळगावहून कोल्हापूरला जाताना हत्तरगी आणि कोगनोळी, धारवाडकडं हिरेबागेवाडी, गोव्याकडं गणेबैल, हे आपले टोल नाके. दर दरवर्षी १ एप्रिलला वाढतो : सरळ तीन टक्के, अधिक घाऊक महागाईच्या वाढीचा चाळीस टक्के भाग. रस्त्याची अवस्था या सूत्रात कुठंच नाही. खड्डे पडले म्हणून दर आपोआप उतरत नाही.

जे हातात आहे ते वापरावं. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीचा स्थानिक मासिक पास मिळतो, २०२५-२६ मध्ये ३५० रुपयांना. पत्त्याचा पुरावा आणि गाडीचं आरसी बुक नाक्यावरच्या ऑफिसात द्यायचं. चोवीस तासांत परतलात तर दुप्पटऐवजी दीडपट. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास २०० वेळा नाका ओलांडायला चालतो. बेळगाव–कोल्हापूर जाऊन-येऊन चार वेळा, म्हणजे पन्नास खेपा, त्या भावानं खेपेला साठ रुपये. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांना टोल नाही. पण याची दुसरी बाजू अशी की सर्व्हिस रोड आहे तिथं त्यांनी मुख्य रस्त्यावर येऊ नये, अशी अपेक्षा असते. आणि सर्व्हिस रोड कुठं कसा तुटतो, ते वर आलंच आहे.

आता ‘आधीच का होत नाही’ याचं उत्तर. काम शंभर टक्के संपायच्या आत तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला देता येतो. उरलेल्या कामांची यादी करून ठेकेदाराला मुदत देतात. मुख्य रस्ता गाडी जाण्याजोगा झाला की दाखला मिळतो, म्हणून ठेकेदार आधी तोच पुरा करतो. यादीत मागं राहतात सर्व्हिस रोडचे तुकडे, गटारी, बोगद्यातले दिवे, बसथांबे. म्हणजे नेमकं तेच, जे कडेच्या गावाला लागतं.

ग्रामपंचायतीला काही मागायचं असेल तर ते या दाखल्याच्या आधी मागावं, आणि ‘आमच्या गावाला न्याय द्या’ असं न लिहिता मापं लिहावीत. आपल्या हद्दीतल्या बोगद्याची आराखड्यातली उंची किती, त्याचा तळ जवळच्या नाल्याच्या तळापेक्षा वर की खाली, गटारीचं तोंड कुणाच्या शेतात सोडलंय, सर्व्हिस रोड कुठल्या किलोमीटर दगडाला तुटतो. उंचीसाठी एक बांबू पुरतो. चार मीटर म्हणजे तेरा फूट एक इंच, तिथं खूण करायची आणि भरलेल्या ट्रॉलीशेजारी उभा धरून फोटो काढायचा. मात्र हे डिसेंबरात करावं. अधिकारी पाहणीला जुलैत येतात, तेव्हा ट्रॉल्या रिकाम्या असतात आणि बोगदा सगळ्यांना पुरेसा उंच वाटतो.